पाल कुठे ठोकायचे?

इगतपुरी, थळघाट आणि मुक्कामाच्या जागेचा जुना वाद : एक दीर्घ धागा.

कसाऱ्याहून घाट चढणाऱ्या गाडीला आजही मागून जादा इंजिने जोडावी लागतात, आणि घाट संपला की इगतपुरीला ती सोडवली जातात. चढ ३७ ला १ असा. १८६५ साली हा लोहमार्ग खुला झाला आणि इगतपुरी हे मुक्कामाचे गाव झाले. गाडी थांबते, इंजिन सुटते, माणसे चहा पितात, वडा खातात, पुढे जातात. ज्या गावाचा संसारच दुसऱ्यांच्या थांबण्यावर उभा राहिला, त्या गावाच्या तालुक्यात थांबायला जागा मागणाऱ्यांचा प्रश्न मात्र दीडशे वर्षांनंतरही सुटलेला नाही.

रेल्वेपूर्वी हा घाट बैलांचा होता. कोकणातले मीठ आणि भात वर यायचे, देशावरचे धान्य खाली जायचे. ही वाहतूक ज्यांच्या पाठीवर चालली त्यांत लमाण किंवा बंजारा तांड्यांचा वाटा मोठा होता. तांडा म्हणजे काय प्रकरण असे, याची कल्पना यावी म्हणून एकच दाखला पुरे : पीटर मंडी नावाचा इंग्रज प्रवासी १६३२ मध्ये आग्र्याहून पाटण्याकडे जात असताना त्याला धान्याने लादलेल्या १४००० बैलांचा एक तांडा वाटेत भेटला. १८०३ च्या मराठा-इंग्रज युद्धात आर्थर वेलस्लीच्या फौजेला धान्य पुरवणारेही बंजारेच होते. एवढी जनावरे आणि माणसे रोज कुठेतरी उतरत होती. त्यांना पाणी लागत होते, चारा लागत होता, बैलांची पाठ मोकळी करायला माळ लागत होता. तो मिळत होता, कारण त्यांच्या येण्यावर गावांचे मीठ अवलंबून होते.

मग लोखंडी रूळ आले. ते टाकण्यासाठी जे डोंगर फोडावे लागले, जे भराव घालावे लागले, त्या कामावर देशभर वडार समाजाचे हात होते. दगड आणि माती हा त्यांचा पिढीजात व्यवहार. म्हणजे भटक्यांच्या एका समूहाच्या श्रमांनी बांधलेल्या मार्गाने भटक्यांच्या दुसऱ्या समूहाचा धंदा बुडवला. हा इतिहासाचा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. मार्ग पूर्ण झाला की बांधणारा आणि वाहणारा असे दोघेही एकाच दिवशी गावाच्या दृष्टीने ‘निष्कारण फिरणारे’ झाले.

गावाची जुनी भाषा येथे लक्षात घ्यावी लागते. वस्तीची ती पांढरी, पिकाची ती काळी. पांढरीत घर नाही आणि काळीत शेत नाही अशा माणसाला गावाच्या व्यवस्थेत हक्क नव्हता. पण वावर होता. बहुरूपी यायचा, नंदीवाला यायचा, वैदू यायचा, घिसाडी भाता लावून विळे-कोयते शेवटून द्यायचा. त्यांचा हंगाम ठरलेला, त्यांची गावे ठरलेली, आणि बहुधा पाल ठोकायचा माळही ठरलेला. हा व्यवहार प्रेमाचा होता असे मानण्याचे कारण नाही. तो गरजेचा होता. मात्र त्यात ‘येथे उतरा’ असे सांगण्याची सोय होती.

धनगरांच्या बाबतीत ती सोय आजही टिकून आहे आणि या वादात ती फार बोलकी आहे. इगतपुरीच्या आसपास वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. मेंढीला चिखल मानवत नाही, तिचे खूर कुजतात. म्हणून पावसाळा कोरड्या देशावर काढायचा आणि दिवाळीच्या सुमारास घाट उतरून कोकणाकडे सरकायचे, असा मेंढपाळांचा शतकानुशतकांचा क्रम. वाटेत शेतकरी स्वतः त्यांना बोलावतात. रिकाम्या वावरात रात्री मेंढ्या बसवायच्या, लेंडी-मूत जमिनीत मुरते, त्याच्या बदल्यात धान्य किंवा पैसे द्यायचे. अशा वेळी वाडा कुणाच्या जमिनीत उतरला यावर ग्रामसभेत चर्चा होत नाही. खत हवे असते तेव्हा फिरस्ता पाहुणा असतो. ज्याच्याकडे मेंढ्या नाहीत, फक्त डमरू किंवा सुया-पोती आहेत, त्याच्याविषयीच प्रश्न उपस्थित होतात.

गावाची ही नजर मराठीत सर्वांत स्पष्टपणे नोंदवली ती त्रिंबक नारायण आत्रे यांनी. ‘गावगाडा’ (१९१५) हा ग्रंथ मराठी समाजाभ्यासाचा पाया मानला जातो, आणि तसा तो आहेही. कुणब्याच्या खळ्यावरून किती हात धान्य उचलून नेतात याचा त्यांनी जो हिशेब मांडला, त्याला तोड नाही. पण त्याच ग्रंथातले ‘फिरस्ते’ हे प्रकरण वाचताना आजच्या वाचकाला अडखळायला होते. फिरणारा म्हणजे कुणब्यावरचा भार, आणि भार म्हणजे बंदोबस्ताचा विषय, असा त्या विचाराचा ओघ आहे. आत्रे यांचे त्याआधीचे पुस्तक होते ‘गुन्हेगार जाती’. एकाच अभ्यासकाच्या लेखणीतून ही दोन पुस्तके पाठोपाठ यावीत हे त्या काळाचे चित्र आहे. आत्रे महसूल खात्यात नोकरीला होते. शेतकऱ्याची कणव त्यांना खरी होती. पण कणव एका दाराने आत आली की दुसऱ्या दाराने संशय बाहेर जातोच असे नाही.

तो काळ म्हणजे १९११ चा. ‘क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट’ मुळात १८७१ चा, परंतु तो आधी उत्तर हिंदुस्थानात आणि १८७६ पासून बंगालात लागू होता. मुंबई इलाख्यापर्यंत तो पोहोचला १९११ च्या नव्या कायद्याने. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली की तिच्या माणसांची नोंदणी, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, आणि दुसऱ्या गावी जायचे तर दाखला. पाटलाने आणि गावकामगारांनी नवख्या माणसांची खबर ठाण्याला द्यायची. १९२४ मध्ये या सगळ्या तरतुदी एकत्र बांधण्यात आल्या. कायद्याचा रोख गुन्ह्यावर होता असे सांगितले जात असले, तरी त्याची यंत्रणा पाहिली तर तो प्रामुख्याने हालचालीवरचा कायदा होता. चोरी केली काय किंवा न केली काय, परवानगीवाचून वेशीबाहेर पडणे हाच अपराध.

याच सुमारास फ्रान्समध्येही असेच घडले, ही गोष्ट मराठीत फारशी सांगितली जात नाही. १९१२ च्या जुलैमध्ये तेथे फिरत्या समाजांसाठी कायदा झाला. शरीराची मापे, ठसे आणि छायाचित्र असलेली एक वही प्रत्येक भटक्याने जवळ बाळगायची आणि गावात येता-जाता ती अधिकाऱ्याला दाखवायची. १९६९ मध्ये तिचे रूप सौम्य झाले. शेवटचे अवशेष २०१७ मध्ये गेले. तेव्हा ‘आपल्याकडची जात’ किंवा ‘त्यांच्याकडची साम्राज्यशाही’ असे एकेरी उत्तर पुरत नाही. ज्या राज्यव्यवस्थेला माणूस पत्त्यावरून ओळखायचा असतो, तिला पत्ता नसलेला माणूस सगळीकडेच आरोपी वाटतो.

मुंबई इलाख्यात या कायद्याचे ठळक रूप म्हणजे ‘सेटलमेंट’. सोलापुरातली वसाहत सर्वांत प्रसिद्ध : काटेरी तारेचे कुंपण, आत कुटुंबे, दिवसा गिरण्यांत काम, सकाळ-संध्याकाळ हजेरी. सोलापुरात त्या भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. या वसाहतींचे प्रमुख अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट यांच्याच अध्यक्षतेखाली पुढे १९२८ मध्ये अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीचा विचार करणारी समिती नेमली गेली आणि तिच्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते, हा एक जाता जाता सांगण्याजोगा तपशील. मुद्दा वेगळा आहे. भटक्यांना ‘जागा देणे’ ही कल्पना महाराष्ट्राच्या सरकारी स्मृतीत शिरली ती या दाराने. जागा म्हणजे कुंपण. जागा म्हणजे सर्वांना एका ठिकाणी आणून नजरेखाली ठेवणे. आजच्या कुठल्याही वसाहत योजनेच्या कागदाला हा जुना वास येतो, तो उगाच नव्हे.

मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला. देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. त्या दिवसापासून हे समाज ‘विमुक्त’. मात्र १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा केला. त्यात जात लिहिलेली नव्हती. नोंदवह्या मात्र कुणाच्या नावांनी भरल्या हे ठाण्यांना ठाऊक होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदाविषयी दिलेल्या निकालात विमुक्त जमातींवरच्या याच शिक्क्याची दखल घ्यावी लागली. म्हणजे कायदा गेल्यावर ७२ वर्षांनी.

नाशिक जिल्ह्यातल्या बाजाराच्या कुठल्याही गावी पालांविषयी बोलणे निघाले की काही वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘कोण कुठले, माहीत नाही.’ ‘दोन दिवस ठीक आहे, पण इथेच राहिले तर?’ ‘मतदार यादीत नावे घातली की संपले.’ ‘आपल्यालाच उन्हाळ्यात पाणी नाही.’ यांतले प्रत्येक वाक्य पूर्वग्रह म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. ते योग्य मात्र नाही. शेवटचे तर इगतपुरी तालुक्यात अक्षरशः खरे आहे. धो धो पावसाच्या, दारणा आणि वैतरणा अडवून दूरच्या शहरांना आणि शेतांना पाणी देणाऱ्या या तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन डोंगर उतरतात. पहिले वाक्य मात्र तपासून पाहण्यासारखे आहे. जो माणूस आजोबांच्या काळापासून दरवर्षी त्याच महिन्यात त्याच माळावर येतो, तो ‘कोण कुठला’ कसा?

जागेचा प्रश्न महाराष्ट्रात आला की तो गायरानापाशी येऊन थांबतो. त्यालाही नाशिकचा इतिहास आहे. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांसाठी जो सत्याग्रह उभारला, त्याची मागणी साधी होती : सरकारी पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्याच्या नावे करा. पुढे सरकारने टप्प्याटप्प्याने काही अतिक्रमणे नियमित केली. १४ एप्रिल १९९० ही त्यातली बहुचर्चित मुदत. पण ती मिळवायची तर अतिक्रमण झाल्याची नोंद लागते. तलाठ्याकडे त्यासाठी गाव नमुना १-ई असतो. म्हणजे हक्क मिळवण्यासाठी आधी कागदावर अतिक्रमक असावे लागते, तेही सलग. चार महिने येथे आणि चार महिने तेथे असणारा नंदीवाला त्या नमुन्यातही सापडत नाही. भूमिहीनांच्या रांगेत तो शेवटचा नसतो. तो रांगेतच नसतो.

२०११ साल या दृष्टीने विलक्षण आहे. त्या वर्षी २८ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. अपवाद ठेवले ते शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना दिलेल्या जमिनींचे, आणि शाळा-दवाखान्यासारख्या सार्वजनिक सोयींचे. महाराष्ट्राने त्याला अनुसरून १२ जुलै २०११ रोजी गायरान कुणा व्यक्तीला किंवा संस्थेला देण्यावर निर्बंध आणले. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात भटक्या-विमुक्तांसाठी ‘यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना’ जाहीर झाली : प्रत्येक कुटुंबाला ५ गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांचे घर, गावागणिक २० कुटुंबांची वसाहत. जुलैत जमिनीचे दार लावून घ्यायचे आणि डिसेंबरात जमीन देऊ करायची, हे एकाच शासनाला जमले.

त्या योजनेची एक अट मुळातून पाहावी. लाभार्थी गावोगाव भटकंती करून पोट भरणारा हवा, पालात किंवा झोपडीत राहणारा हवा. आणि तो वर्षातून किमान सहा महिने एका ठिकाणी वास्तव्यास हवा. अट लिहिणाऱ्याच्या मनात दुष्टावा असेल असे वाटत नाही. बांधलेली घरे कुलूपबंद पडू नयेत, एवढाच त्यामागचा व्यवहार असावा. पण परिणाम असा की जो खरोखर भटकतो तो अपात्र, आणि जो पात्र ठरतो त्याने भटकंती जवळपास सोडलेली असते.

या अटीचा उलटा आरसा इंग्लंडमध्ये सापडतो. तेथे जिप्सी आणि ट्रॅव्हलर समाजांसाठी तळ देण्याची जबाबदारी १९६८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर टाकली होती. १९९४ मध्ये ती काढून घेण्यात आली. २०१५ मध्ये नियोजन धोरणातली व्याख्या अशी बदलली की ज्यांनी फिरणे कायमचे थांबवले, मग ते म्हातारपणाने का असेना, ते ट्रॅव्हलर म्हणून मोजले जाणार नाहीत. २०२२ मध्ये तेथील अपील न्यायालयाने ही व्याख्या वृद्ध आणि अपंगांना भेदभावाची वागणूक देणारी ठरवली आणि २०२३ च्या अखेरीस ती मागे घ्यावी लागली. तिकडे थांबलात म्हणून जागा नाही, इकडे थांबत नाही म्हणून जागा नाही. मधल्या काळात तिथल्या गावांच्या सभांत जी भांडणे झाली, त्यांतली वाक्ये इगतपुरीकरांना अनोळखी वाटणार नाहीत : चोऱ्या वाढतील, जमिनीचे भाव पडतील, आमच्याच गावात का?

‘आमच्याच गावात का?’ या प्रश्नाला इगतपुरीत एक वजनदार उत्तर मात्र आहे, आणि भटक्या-विमुक्तांची बाजू मांडणारे त्याला सहसा बगल देतात. या तालुक्यातली बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांची ही भूमी. तेथे आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाऊ नये म्हणून कायद्याचा बांध आहे, आणि पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. धरणांनी या लोकांची जमीन घेतली, महामार्गाने घेतली, कारखान्यांनी घेतली. धुक्यातल्या डोंगरउतारांवर उभ्या राहिलेल्या रिसॉर्टांनी आणि बंगल्यांनी उरलेली महाग केली. अशा गावाची ग्रामसभा जर म्हणाली की आमच्या हद्दीत बाहेरच्या २० कुटुंबांची कायमची वसाहत नको, तर तिला जातीयवादी म्हणणे हा अन्याय ठरेल. तिला एका गरिबाचे पांघरूण ओढून दुसऱ्याला घालायला सांगितले जात आहे, हे ती ओळखते.

याच तालुक्यातील उभाडे गावची कातकरी वस्ती सप्टेंबर २०२२ मध्ये राज्यभर चर्चेत आली. काही हजार रुपये आणि एखादी मेंढी यांच्या मोबदल्यात तिथली लहान मुले मेंढपाळांकडे कामाला दिली गेली होती. त्यांतली सुमारे दहा वर्षांची एक मुलगी दगावली, आणि त्यानंतर हा प्रकार उघड झाला. श्रमजीवी संघटनेने तो लावून धरला, वेठबिगारीचे गुन्हे नोंदले गेले, मुले परत आणली गेली. या घटनेकडे पाहताना दोन गोष्टी एकदम दिसतात. मुले देणारे आई-बाप आदिवासी, अनुसूचित जमातीचे, कागदावर संरक्षणाचे पुरेपूर धनी. तरी हाताशी काही नाही. आणि मुले नेणारे मेंढपाळ स्वतःच फिरस्ते. त्यांतल्या काहींच्या अपराधाचे ओझे साऱ्या धनगर समाजावर टाकणे म्हणजे १८७१ चीच री ओढणे होईल. पण ‘भटका तेवढा पीडित आणि गाव तेवढे पीडक’ अशी सोपी मांडणी उभाडेनंतर कुणी करू नये. ज्यांची नोंद कुणाकडेच नसते, त्यांच्यातले दुबळे आणखी दुबळे होतात, आणि सर्वांत शेवटी लेकरांवर येते.

नोंद नसल्याची दुसरी टोकाची किंमत धुळे जिल्ह्यात मोजली गेली. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी आले होते. त्यांची पाले पिंपळनेरला होती. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. जमावाने पाचही जणांना ठेचून मारले, तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून. मेलेले मंगळवेढ्याकडचे, भटक्या जमातींच्या यादीतले. अनुसूचित जातीत नाहीत, जमातीतही नाहीत. त्यामुळे अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कवच त्यांना नव्हते. मारणाऱ्या जमावात प्रामुख्याने आदिवासी होते, हेही सांगायला हवे, कारण ते न सांगता हा प्रश्न समजत नाही. एक वंचित दुसऱ्या वंचिताला ओळखत नव्हता. ओळखण्याची जुनी सोय, म्हणजे ठरलेला माळ, ठरलेला हंगाम, पाटलाची तोंडओळख, मोडून पडली होती. आणि नवी कुणी केली नव्हती.

या सगळ्या चर्चेत ‘वसाहत’ हा एकच शब्द वर्षानुवर्षे फिरत राहतो. घर हवे आहे, यात शंका नाही. बहुसंख्य भटक्या कुटुंबांना आज स्थिर व्हायचे आहे. मुलांना शाळा हवी, दाखला हवा, रेशन हवे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ वाचलेल्या कुणालाही भटकंतीत काव्य दिसणार नाही. ज्यांना स्थिर व्हायचे आहे त्यांना त्यांच्या मूळ मुक्कामाच्या गावी घर द्यावे, सहा महिन्यांच्या अटीऐवजी वर्षानुवर्षांच्या ये-जा करण्याचा पुरावा धरावा, आणि इगतपुरीसारख्या तालुक्यात अनुसूचित गावांना हात न लावता ते करावे. पण सगळेच एका पिढीत थांबणार नाहीत. मेंढी तर थांबणारच नाही. घर मिळाले तरी आठ महिने रस्त्यावर असणाऱ्यांना त्या आठ महिन्यांत रात्री कुठेतरी उतरायचे आहे. त्या रात्रीचा विचार महाराष्ट्राच्या कुठल्याही योजनेत नाही. राईनपाड्याला जे मारले गेले ते घर नसल्यामुळे नव्हे. रोजच्या फिरतीच्या मुलखात त्यांचे उतरणे कुणी मान्य केलेले नव्हते म्हणून.

फ्रान्सने येथे निदान कागदावर वेगळा विचार केला. जुलै २००० च्या बेसाँ कायद्याने ५००० पेक्षा अधिक लोकवस्तीच्या नगरपालिकांना फिरत्या समाजांसाठी उतरण्याच्या तळाची व्यवस्था करणे बंधनकारक केले. पाणी, वीज, स्वच्छतागृह, ठरावीक भाडे, ठरावीक मुदत. सगळ्या नगरपालिकांनी ते केले असे नाही. टाळाटाळ भरपूर झाली. तरी त्यामुळे वादाचे स्वरूप बदलले. ‘उतरू द्यायचे की नाही’ याऐवजी ‘तळ कुठे करायचा’ यावर भांडण होऊ लागले, आणि हे भांडण परवडणारे आहे.

आणि यासाठी महाराष्ट्राला नव्या कायद्याचीही गरज नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. कलम २२. या कलमान्वये जिल्हाधिकाऱ्याला कुणाच्या कायदेशीर ताब्यात नसलेली सरकारी जमीन विशिष्ट सार्वजनिक कामांसाठी राखून ठेवता येते. ती कामे कलमातच मोजली आहेत : गुरचरण, वैरणीचे राखीव रान, स्मशान, गावठाण, खळे, बाजार, ढोरे सोलण्याची जागा. आणि या यादीत, गावठाणाच्या शेजारी, मुक्कामाचा तळही आहे. इंग्रजी अंमलात साहेबाच्या तंबूंना आणि पलटणीला उतरायला असे तळ राखले जात; तीच कल्पना महसुली कायद्यांतून वाहत आली. साहेब गेला. शब्द राहिला.

या तरतुदीत इगतपुरीच्या अडचणीवरचे उत्तर जवळजवळ तयार आहे. राखून ठेवलेला तळ कुणाच्या नावावर होत नाही. तो विकला जात नाही, वारसाने जात नाही, त्यावर पक्के घर उभे राहत नाही. त्यामुळे गायरान खासगी हातांत गेल्याचा आक्षेप उरत नाही, आणि आदिवासींची जमीन बाहेरच्याकडे गेल्याचाही नाही. मतदार यादीची भीतीही निघून जाते, कारण तेथे कायमचे कुणी राहणारच नसते. उतरणाऱ्या कुटुंबाची नोंद ग्रामपंचायतीच्या वहीत व्हावी, पोलीस ठाण्याच्या नव्हे. हा फरक लहान नाही, १९११ ते १९५२ चा सगळा इतिहास त्या एका फरकात आहे. हातपंप किंवा नळ, चार स्वच्छतागृहे, एक दिवा, जवळच्या शाळेला आगाऊ कळवणे. उन्हाळ्यात तळासाठीचा टँकर जिल्हा प्रशासनाच्या हिशेबातला, गावाच्या वाट्यातला नव्हे; नाही तर हंड्यावरून भांडणे होतील आणि दोष पुन्हा पाहुण्यांवर येईल.

मुंबई-आग्रा महामार्गाला लागून असलेले घोटी हे यासाठी स्वाभाविक ठिकाण आहे. जुना बाजार, घाटाच्या माथ्यानजीकचे गाव, कोकण आणि देश यांच्या मधले. डांगी जनावरांचे प्रदर्शन येथे भरते तेव्हा दूरदूरहून बैल आणि वळू येतात, आणि त्यांच्या मालकांसकट मैदान, पाणी, मांडव यांची व्यवस्था केली जाते. कुणी विचारत नाही की ही जनावरे कुठली आणि किती दिवस राहणार. दिवाळीनंतर पाले येतील तेव्हा कलम २२ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे तळाची मागणी करायला ग्रामपंचायतीचा एक ठराव लागतो. तालुक्यातल्या भटक्या-विमुक्तांच्या कार्यकर्त्यांनी आणि आदिवासी ग्रामसभांनी तो ठराव एकत्र बसून लिहावा. कुठली गावे वगळायची हे दुसऱ्यांनी आधी सांगावे, कुठले महिने हवेत हे पहिल्यांनी.